देगलूरची जुनी डिझेल गाडी निजामाबादला विकताना

देगलूरच्या एका शिक्षक दादांनी विचारलंय. त्यांच्याकडे फेब्रुवारी 2011 मध्ये नांदेडला पासिंग झालेली डिझेल स्विफ्ट आहे, बीएस-3 ची, म्हणजे धुराच्या जुन्या मानकाची. निजामाबादचा एक माणूस घ्यायला तयार आहे. तो म्हणतो, "आमच्याकडे दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालत नाही, त्यामुळे भाव कमी करा. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या द्या, पुढचं मी बघतो." गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत फेब्रुवारी 2026 मध्ये संपली. पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचं प्रमाणपत्र, त्याच्याही आधी संपलेलं. कर्ज केव्हाच फिटलं, पण आरसीवर, म्हणजे नोंदणी पुस्तकावर, फायनान्स कंपनीचं नाव तसंच आहे. मालकी बदलाच्या या फॉर्मवर सह्या देऊन मोकळं व्हावं का, असा दादांचा प्रश्न.

दादा, सह्या देऊ नका. नांदेडात बावीस वर्षं जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री आणि आरटीओची कामं करतोय, त्या जोरावर सांगतो. गाडी दारातून गेली म्हणजे विकली गेली असं होत नाही. सरकारच्या नोंदीत तुमचं नाव निघून दुसऱ्याचं लागतं, तेव्हाच ती विकली जाते. मधल्या काळात ती रस्त्यावर जे काही करेल, ते तुमच्या नावावर.

आधी भावाचं बघू, कारण तिथे तुमची दिशाभूल होतेय. दहा वर्षांच्या डिझेल गाडीचा नियम दिल्ली आणि एनसीआरचा, म्हणजे दिल्लीभोवतालच्या पट्ट्याचा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये तो आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम ठेवला. तेलंगणाला तो लागू नाही. निजामाबादला पंधरा वर्षांची डिझेल गाडी चालते, फक्त तिची नोंदणी, विमा आणि पीयूसी जिवंत पाहिजे. काही लोक 1 एप्रिल 2017 पासून बीएस-3 बंद झाल्याचंही सांगतात. तो निर्णय नव्या गाड्यांच्या विक्रीचा आणि पहिल्या नोंदणीचा होता. 2011 मध्ये रीतसर नोंद झालेल्या गाडीच्या हस्तांतराशी त्याचा संबंध नाही. तेव्हा या कारणावर एक रुपयाही सोडू नका. मुदत संपलीय म्हणून तो भाव कमी मागत असेल तर ते मात्र रास्त आहे, आणि त्यावर उपाय तुमच्याच हातात आहे.

सह्यांबद्दल मी इतकं ठासून का सांगतो? 2007 मध्ये माझ्या थोरल्या भावाने जीप विकली. घेणारा सीमेपलीकडचा, ओळखीतल्या माणसाचा ओळखीचा. रोख पैसे मिळाले, कोऱ्या फॉर्मवर सह्या झाल्या, चहा झाला, जीप गेली. तीन वर्षांनी पोस्टमनने रजिस्टर्ड लिफाफा आणला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस होती. मधल्या काळात जीप आणखी दोघांच्या हातातून गेली होती, विमा कोणीच काढला नव्हता आणि तिच्या धडकेत एका मोटारसायकलवाल्याचा पाय गेला होता. आरसीवर नाव भावाचं. त्याने स्टॅम्पपेपर दाखवला, साक्षीदार उभे केले, तरी उपयोग झाला नाही. आईच्या नावची दीड एकर जमीन गहाण ठेवावी लागली. त्या जखमी माणसाला भरपाई मिळायलाच हवी होती, त्याबद्दल आमची आजही तक्रार नाही. पण ती भरायची वेळ ज्याच्यावर आली, त्याने तीन वर्षांत ती जीप डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

आता यावर सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट निकाल आहे, 2018 चा, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्या खटल्यातली गाडीही एकामागून एक हातांतून गेलेली होती, तरी जबाबदार ठरला तो नोंदीतला मालक. खाजगी विक्रीपत्राने तुम्हाला फार तर पुढच्या माणसाकडून वसुली करण्याचा हक्क मिळतो. जखमी माणसापुढे ते ढाल होत नाही.

म्हणून आता क्रम महत्त्वाचा. आधी पीयूसी, मग पासिंगचं, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, फायनान्स कंपनीचं नाव काढणं, त्यानंतर एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवायला आपल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र) आणि सगळ्यात शेवटी किल्ली. लोक उलटीकडून सुरुवात करतात आणि अडकतात.

पीयूसीवर जरा थांबतो, कारण जुन्या डिझेल गाडीचं घोडं इथेच अडतं. पहिली गोष्ट मुदतीची. बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांना पीयूसी वर्षभराची मिळते, तुमच्या बीएस-3 ला सहा महिन्यांचीच. "वर्षाची काढली होती की" म्हणणारे निम्मे लोक इथेच चुकलेले असतात. दुसरी गोष्ट मर्यादेची. डिझेलमध्ये धुराची दाटी मोजतात. बीएस-4 च्या आधीच्या गाडीला 65 हार्ट्रिज युनिटपर्यंत सूट आहे, यंत्रावर ती 2.45 या आकड्यातही दिसते. बीएस-4 ला हीच मर्यादा 50 आणि 1.62 आहे. म्हणजे तुमच्या गाडीकडून नव्या गाडीइतकी स्वच्छ हवा कोणी मागत नाही. नीट ठेवलेलं 2011 चं इंजिन या मर्यादेत सहज बसतं.

तरीही नापास होतं, कारण गाडी गावात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, शाळा ते घर, इतकीच फिरते. सायलेन्सरमध्ये काजळी साचत जाते. तपासणीच्या वेळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. साचलेली सगळी काजळी त्या दोन-तीन झटक्यांत बाहेर पडते आणि आकडा वर जातो. यावर माझा नेहमीचा उपाय असा. आधी एअर फिल्टर बघा. आपल्याकडच्या धुळीत, विशेषतः सोयाबीनची रास झाल्यानंतर, तो इतका बुजलेला असतो की हातावर आपटला तर मूठभर माती पडते. नवा टाका. ऑइल काळं झालं असेल तर बदला. मग, पासिंग चालू असलेली गाडी असेल तर, देगलूरहून नरसीकडे, राष्ट्रीय महामार्ग 161 वर, वीसेक किलोमीटर एक गिअर खाली ठेवून गाडी जरा चढ्या आवाजात पळवा. वेग मर्यादेतच ठेवा, फक्त इंजिनाचे फेरे वाढू द्या. परत येऊन इंजिन गरम असतानाच सरळ पीयूसी केंद्रावर उभी करा. तुमच्या गाडीची मुदत संपलीय, म्हणून ती अशी पळवू नका; टोचन करून केंद्रावर न्या आणि तिथेच इंजिन गरम होऊ द्या. घरी जाऊन जेवण करून थंड गाडी नेलीत तर सगळी मेहनत वाया.

एवढं करूनही धूर आला तर त्याचा रंग बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. त्यासाठी इंजेक्टर तपासणाऱ्या डिझेलच्या दुकानात चारही इंजेक्टर उतरवून बघावे लागतात. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बो किंवा रिंगांपर्यंत काम जाऊ शकतं. गरम गाडीतूनही पांढरा धूर सारखा येत असेल तर कूलंटची पातळी रोज बघा. निळ्या धुराच्या गाडीवर हजारो रुपये घालण्याआधी विचार करा. मी अशा दादांना सांगतो, दोष खरेदीदाराला उघड सांगून भाव कमी घ्या किंवा गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवी खाजगी गाडी घेताना वाहन करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात ती 25 टक्क्यांपर्यंत आहे, प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं.

नापास झालात तर केंद्राकडून नापासची स्लिप मागून घ्या. जून 2021 पासून देशभर पीयूसीचा नमुना एकच आहे आणि नापास गाडीला कारणासह स्लिप देण्याची तरतूदही त्यातच आहे. ती स्लिप मेकॅनिकला दाखवली की काम नेमकं होतं. आणि गाडी न नेता फक्त नंबर सांगून प्रमाणपत्र काढून देणाऱ्याच्या नादी लागू नका. नंबरप्लेटचा फोटो, नोंदणीकृत मोबाइल, सगळं आता प्रणालीत जातं. शिवाय ज्याला गाडी विकताय तो उद्या बोधनला किंवा निजामाबादला तपासणीत अडकला तर फोन तुम्हालाच येणार. पीयूसीशिवाय गाडी चालवण्याचा दंड कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत आहे. इथे काढलेली पीयूसी तिकडच्या रस्त्यावरही चालते, पण तिच्यावर गाडीचा नंबर छापलेला असतो. तिकडचा नवा नंबर पडला की खरेदीदाराने नवी काढायची, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

पासिंग. फॉर्म 25 भरायचा. खरं तर मुदत संपण्याच्या आधीच्या 60 दिवसांत तो भरता येतो. तुमचा तो काळ गेला, त्यामुळे उशिराचे महिन्याला 500 रुपये लागतील. पंधरा ते वीस वर्षांच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क 5,000 रुपये आहे. एप्रिल 2022 पूर्वी ते 600 होतं, म्हणून जुन्या आठवणीवर हिशोब करू नका. वीस वर्षांवरच्या मोटारीला 2025 पासून 10,000 लागतात. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष बघतात: दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, टायर, नंबरप्लेट. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर आरटीओतली कामं अडतात. "दोन महिन्यांत नंबरच बदलणार आहे, कशाला प्लेट लावू?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा ऐकावा लागतो. खर्च जिवावर येतो हे मला कळतं, पण प्लेटसाठी फाइल अडली तर खरेदीदार हातचा जातो.

काही जण म्हणतील, हा सगळा खर्च खरेदीदारावर टाका, तो तिकडे जाऊन नूतनीकरण करेल. मी हे कधीच सुचवत नाही. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणं हाच गुन्हा आहे. ती देगलूरहून सीमेपलीकडे जाणार ती चालतच जाणार. वाटेत काही झालं तर विमा कंपनी पहिलं बोट नोंदणीवर ठेवेल. खर्च भावात धरा, पण काम इथे करा. पाच वर्षांची पासिंग असलेली गाडी विकायला बसलात की बोलणी तुमच्या बाजूने वळतात.

फायनान्स कंपनीचं नाव काढायला फॉर्म 35 आणि कंपनीचं ना हरकत पत्र लागतं. कर्ज फिटलं तेव्हा मिळालेलं पत्र कपाटात असेल, पण बहुतेक पत्रांवर मुदत छापलेली असते. ती संपली असेल तर नवं पत्र मागा. शाखा बंद झाली असेल, कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळली असेल, तर यातच महिना जाऊ शकतो. म्हणून हे पत्र पीयूसीच्या आधीच, आजच्या आज मागायला घ्या.

आता एनओसी. परराज्याच्या विक्रीत सगळ्यात मोठा कागद हाच. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 48 आणि फॉर्म 28. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर होतो, आधार आणि ओटीपी लागतो. तुमचा जुना मोबाइल नंबर नोंदीत असेल तर आधी तो बदला. आणि ओटीपी कोणालाही फोनवर सांगू नका, मग तो एजंट माझ्यासारखा ओळखीचा का असेना. समोर बसून स्वतः टाका. बाकी असलेली ई-चलनं भरून टाका. कर, गुन्हा, चोरी यांची पडताळणी होते. अर्ज आल्यापासून 30 दिवसांत कार्यालयाने हो किंवा नाही कळवायचं, असं कायद्यातच लिहिलंय.

फॉर्म 28 वर चेसिस नंबरची पेन्सिलने काढलेली छाप लागते. साधं काम वाटतं, पण जुन्या गाडीत इथे हमखास घोळ होतो. बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर कोरलेला नंबर धूळ, ऑइल आणि गंजाखाली गेलेला असतो. तो पॉलिश पेपरने घासू नका, म्हणजे अजिबात घासू नका. अक्षर झिजलं की निरीक्षकाला छेडछाडीची शंका येते आणि तिथून सुटणं अवघड. केरोसिनमध्ये बुडवलेलं मऊ फडकं दहा मिनिटं त्यावर ठेवा, हळूच पुसा, वाळू द्या. मग पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट बसवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. प्रत्येक अंक सुटा दिसला पाहिजे. चार-पाच छापा जास्तीच्या काढून ठेवा. आमच्या टेबलावर 3 आणि 8 वेगळे दिसत नाहीत म्हणून परत आलेल्या फायली मी मोजायच्या सोडल्यात.

एनओसी कोणत्या कार्यालयासाठी हे त्यात लिहिलेलं असतं. खरेदीदार निजामाबाद जिल्ह्याचा आहे की नाही, हे त्याच्या आधारवरचा पत्ता बघून पक्कं करा. "माझं काम हैदराबादला आहे, तिकडची काढा", "नंतर ठरवू" असं म्हणणारा बहुधा पुढे विकणारा असतो. चुकीच्या कार्यालयाची एनओसी निघाली तर ती रद्द करायला त्या कार्यालयाकडून "ही गाडी आमच्याकडे नोंदलेली नाही" असं पत्र आणावं लागतं. देगलूरच्या माणसाने त्यासाठी तिकडे हेलपाटे घालणं म्हणजे शिक्षाच. तेलंगणाच्या परिवहन खात्याची संगणक व्यवस्था बरीच वर्षं देशाच्या वाहन प्रणालीपेक्षा वेगळी होती, त्यामुळे तिकडच्या कामात शिक्क्याची कागदी प्रत जवळ असलेली बरी. एक मूळ प्रत आणि सगळ्याच्या झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

तिकडचा लाइफ टॅक्स, म्हणजे एकरकमी वाहन कर, खरेदीदाराने भरायचा, हे करारात लिहा. तो गाडीच्या वयावर ठरतो. पंधरा वर्षांच्या गाडीला नव्या गाडीइतका लागत नाही, तरी काही खरेदीदार तो आकडा ऐकून नाव बदलायचं टाळतात आणि एमएच-26 वरच फिरवत राहतात. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांहून जास्त राहिली की नवा नंबर घेणं कलम 47 प्रमाणे बंधनकारक आहे. म्हणून मी थोडी रक्कम अडकवून ठेवायला सांगतो. उलटी, म्हणजे खरेदीदाराची तुमच्याकडे अनामत: नव्या आरसीचा फोटो आला की परत. मनापासून घेणारा माणूस याला नाही म्हणत नाही. बावीस वर्षांत ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत पुढे कारण कळलं.

मधल्या दलालाला देणार असाल तर तो आरटीओचा अधिकृत जुन्या गाड्यांचा डीलर आहे का ते विचारा. एप्रिल 2023 पासून अशा डीलरला गाडी देताना फॉर्म 29-सी ने ऑनलाइन कळवता येतं, आणि त्यानंतर तो मालक धरला जातो. तुमची जबाबदारी तिथे थांबते. प्रमाणपत्र दाखवू न शकणाऱ्या दलालाला ही सोय नाही.

किल्ली देण्याच्या दिवशी फॉर्म 29 आणि 30 पूर्ण भरून, खरेदीदाराचं नाव-पत्ता लिहून मगच सही करा. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, "सकाळी 11 वाजून 20 मिनिटे" अशी. किलोमीटर लिहा, दोन साक्षीदार, खरेदीदाराचा गाडीसोबत फोटो. संध्याकाळी चलन पडलं तर ते कोणाचं, हे त्या एका ओळीवर ठरतं. परराज्याच्या विक्रीत 45 दिवसांच्या आत विक्रेत्यानेही आपल्या आरटीओला कळवायचं असतं. हे जवळजवळ कोणी करत नाही. तुम्ही करा, पोचपावती घ्या.

फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. विमा कंपनीला लेखी कळवा, आणि नो क्लेम बोनस तुमच्याकडे राखून ठेवल्याचं पत्र मागा. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, आणि तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला तो लावता येतो. तुमच्यासारख्या, कधी दावा न केलेल्या माणसाला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात तो निम्म्यापर्यंत जातो. गाडीच्या भावात घासाघीस करताना लोक दोन-दोन हजारांवर अडतात आणि हे पत्र मात्र मागायचं विसरतात.

दोन-अडीच महिने धरा. खरेदीदाराला आजच फोन करून सांगा की भाव दिल्लीच्या नियमावर ठरणार नाही, पासिंग करून एनओसीसकट गाडी देतो, थांबणार असशील तर इसार पाठव. आणि फायनान्स कंपनीचं पत्र मागवायला घ्या. सगळ्यात जास्त वेळ तेच खाणार आहे.